चार बोटांची जागा

मित्रांनो, मी हवेचा एक जुना रबरी फुगा आहे. अपघातात माणसाला वाचवणारा फुगा तो वेगळा. मला पिकअपच्या मागच्या चाकाजवळ, स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांच्या वर बसवतात. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, मला खात्री नाही.

गुरुदास आपल्या पिकअपमधून इन्सुलीजवळच्या खाणीतले चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभे दगड, वाहून नेत असे. ते भरायला म्हातारे महादूकाका असत. काका टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालून बघत. चार बोटांची जागा उरली की भरणे बंद. चाळीस चिऱ्यांना ती वेळ येई. त्यांचा तराजू तोच.

मग गुरुदासने मला बसवले. सीटखाली छोटा कॉम्प्रेसर आला. बटण दाबले की मी फुगे आणि गाडीची मागची बाजू वर येई. आता पन्नास चिरे झाले तरी मडगार्डखाली वीतभर जागा राही.

“काका, तुमची कंबर वाकली, माझ्या गाडयेची नाय,” गुरुदास हसत म्हणाला.

“माझी वाकता म्हणान माका वजन कळता रे. हिका खंय कळता?”

तरी काकांनी आणखी दहा चढवलेच. खाणीवर माझे कौतुक होई आणि मला ते आवडे. खरे तर भार जराही कमी झाला नव्हता. तो माझ्या डोक्यावरच्या लोखंडी चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, एकाच जागी टेकला होता.

गेल्या मार्चमध्ये चढावावर कडकड आवाज झाला. काका मागे चिऱ्यांवर बसले होते.

“गुरुदासा, थांबय गाडी, कायतरी मोडता.”

हवा कमी झाली असे समजून गुरुदासने बटण दाबले. मी फुगलो. चासी वाकली, चिरे घसरले आणि काकांचा उजवा पाय खाली सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला.

मला काढून गुरुदासच्या पडवीत टाकले आहे. परवा काका कुबड्या घेऊन आले.

“काका, तुमी सांगलास, मी आयकूक नाय,” गुरुदास खाली बघत म्हणाला.

“सांगलंय मियाच, आणि चढयलंय पण मियाच.”



मित्रांनो, दोष थोडा माझाही असावा. पण पाय गेला तो काकांचा. माल भरताना गाडीच्या कागदावर लिहिलेला भार वाचा. गाडी ताठ दिसते, एवढ्यावर विसंबू नका. मालावर कोणीतरी बसलेले असते.