कोपऱ्यातले मामा

कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थाचे कान भलतेच तिखट होते. दिवसभर दुसऱ्यांचे दात तासून घरी आला की त्याला स्टिरिओवर निवांत गाणं ऐकायचं असे. पण गाणं सुरू झालं, की खालच्या सुरांचा नुसता घुमारा उठे. त्यानं स्पीकर भिंतीपासून लांब ओढले, खाली विटा ठेवल्या, जाड वायर आणली. बायकोचं कपाट दोनदा घरभर फिरून आलं.

"आता मलाच काय ते बाहेर हलवायचं राहिलंय," बायको म्हणाली.

तशात तिचे मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस राहायला आले. गोदामावर जन्म काढलेला भरभक्कम माणूस. उजेड सोसवेना म्हणून ते कपाटाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसले, आणि घुमारा गपकन थांबला. सूर कसे स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखे.

"मामा, हलू नका!" तो ओरडला.

मामांना वाटलं, अंगावर पाल पडली. ते ताडकन उठले. घुमारा परत. बसले, गायब. उठले, परत.

त्यानं मामांच्या वजनाइतकी वाळू पोत्यांत भरून त्याच स्टुलावर रचली, वर मामांचा स्वेटर चढवला. वाळूनं काही दाद दिली नाही. मग एक ध्वनितज्ज्ञ बोलावला. त्यानं मामांना बसवून, उभं करून, कुशीवर झोपवून मोजमाप घेतलं आणि अहवालात लिहिलं, "मामा उत्तम. शक्यतो हलवू नयेत."

चार दिवसांचे तीन महिने झाले. डोळा केव्हाच बरा झाला होता. मामींचा फोन आला, "त्यांचा तिथं उपयोग तरी काय?"

"मामी, त्यांच्याशिवाय गाणं उभंच राहत नाही."

"चाळीस वर्षं मी त्यांना म्हणतेय, वाटेतून बाजूला व्हा," मामी म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला न्यायला येऊन थडकल्या.

बॅग भरून झाल्यावर मामांनी हळूच विचारलं, "जावईबापू, डोळे मिटून तुम्ही एवढं ऐकता तरी काय? इथं कोपऱ्यात तर नुसतं घूं घूं येतं."

गृहस्थ खजील झाला. तीन महिन्यांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं मामांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं, गाणं लावलं आणि स्वतः कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"कसं वाटतंय?"

"घूं घूं."

त्यानं बायकोला शेजारी ओढलं. मामांनी मान हलवली, नाही. शेवटी मामींनी पदर खोचला आणि त्याही दोघांच्या मध्ये घुसल्या.

"पोट आत घेऊ की बाहेर?"

"बाहेर, मामी. सोडा अगदी."

तिघं दाटीवाटीनं उभे. त्यांच्या कानांत गिरणी चालल्यासारखा आवाज. पण समोर मामांचा चेहरा बदलत गेला. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं, आणि बऱ्या झालेल्या डोळ्यातून पाणी आलं.

"अगं," ते मामींना म्हणाले, "मागं कोणीतरी बासरी वाजवतंय! तीन महिने वाजवत असणार बिचारा."

"मग आम्हाला का नाही ऐकू येत?"

"तुम्ही कोपऱ्यात आहात ना!"

गाणं संपलं. मामांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. चौथ्या खेपेला मामींचे गुडघे बोलायला लागले. त्या चडफडत बाहेर आल्या, मामांना उठवून कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतः सोफ्यावर ऐसपैस बसल्या.

"आता जरा गप उभे राहा," त्या म्हणाल्या, "मला ती बासरी ऐकायचीय."

परतीची गाडी त्या दिवशी दोघांना न घेताच गेली.