गारठ्यानं काय नासतंय?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आकाराम मिस्त्रींच्या वर्कशॉपवर रंगवलेली पाटी होती ती फ्रीज-दुरुस्तीची. पण तिच्याखाली खडूने लिहिलेली ओळ गिऱ्हाईक आधी वाचत असे : ‘नमुना आणा, नग न्या.’ ही बढाई एकट्या मिस्त्रींची नव्हती, साऱ्या उद्यमनगराची होती. सुटा भाग जर्मनीचा असो की जपानचा, तो पाहून इथल्या लेथवर त्याचा जुळा भाऊ उतरलाच पाहिजे, असा तिथला रिवाज. कंपनीच्या मालाची वाट पाहत बसणे हे तिथे आळशाचे लक्षण समजत.

आतल्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, खुंटीला एक गुलाबी फेटा लटकत असे. तो सोडला नव्हता. डोक्यावरून जसाच्या तसा उतरवून ठेवला होता. मिस्त्रींचा लेथ चालवणारा टर्नर ज्ञानू सकाळी उदबत्ती ओवाळताना फेट्यालाही एक फेरी घालायचा आणि म्हणायचा, “मिस्त्री, देवापरास ह्येचाच रुबाब जादा हाय की!”

फेटा बांधला होता पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या कातळवाडीने, गेल्या वैशाखात. तिथल्या आरोग्य केंद्राचा फ्रीज ऐन उन्हाळ्यात बिघडला. लहान मुलांना टोचायची त्रिगुणी लस त्यात ठेवलेली असे. डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात या तिन्हींपासून राखणारी ही लस गारव्याशिवाय टिकत नाही, एवढे तिथल्या नर्स शालूबाईंना ठाऊक होते. म्हणून त्या कोल्हापूरहून एस.टी.ने बर्फ मागवत आणि गोणपाटात गुंडाळून कसाबसा दिवस ढकलत. फ्रीजचा थर्मोस्टॅट गेला होता. गारवा पुरेसा झाला की यंत्र थांबवायचे आणि उतरला की पुन्हा सुरू करायचे, हे त्या मुठीएवढ्या भागाचे काम. कंपनीचा माणूस म्हणाला, मुंबईहून नवा यायला दिवाळी उजाडेल. मिस्त्री म्हणाले, “दिवाळीपतूर लेकरांनी काय करायचं? नमुना द्या हिकडं.”

वायू भरलेली बारीक नळी भंगारातल्या एका फ्रीजमधून मिळाली. स्प्रिंग मिस्त्रींनी स्वतः वळली, स्क्रू ज्ञानूने लेथवर काढला. येणाऱ्या-जाणाऱ्याने उगाच पिळत बसू नये म्हणून फिरवायचे बटण त्यांनी ठेवलेच नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारपूर्वक केली. कातळवाडीची वीज म्हणजे सासुरवाशिणीचे माहेरपण. आली तशी गेली. तेव्हा वीज असेल तोवर फ्रीजने गारवा जरा जादाच साठवून ठेवावा, या हिशोबाने स्प्रिंग मुद्दाम नरम ठेवली. यंत्र थांबायच्या जागी न थांबता पुढे चालत राहू लागले. पुढे मिस्त्रींना सर्वांत जास्त बोचले ते हेच. निष्काळजीपणे झालेली चूक माणूस निष्काळजीपणावर ढकलू शकतो. ही तर डोके चालवून केलेली होती.

फ्रीज रात्रभर चालला आणि दुसऱ्या दिवशी नारळ फुटला आणि सरपंचांनी फेटा बांधला. शालूबाईंनी लसीची एक कुपी काढून दाखवली, तर आत बर्फाचा खडा. कुपी हातोहात फिरली. धोंडुबाई नावाच्या म्हातारीने ती गालाला लावून पाहिली आणि “आगाबया!” म्हणत पुढे दिली. टाळ्या पडल्या. शालूबाई मात्र मिस्त्रींजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मिस्त्री, औषधाचं पार बर्फ झालंय. चालतंय न्हवं येवढं?”

मिस्त्रींना लसीतले ओ की ठो कळत नव्हते. ‘डॉक्टरांस्नी इचारा’ म्हणायला काही पैसे पडत नव्हते. पण डोक्यावर फेटा होता आणि समोर गाव होते. ते हसून म्हणाले, “बाई, गारठ्यानं काय नासतंय? नासतंय त्ये उनानं. बिनघोर ऱ्हावा.”

शालूबाई बिनघोर राहिल्या.

मार्गशीर्षात गुऱ्हाळे धडाडून पेटली असताना एका दुपारी त्याच शालूबाई वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले.

“मिस्त्री, उद्या एकडाव गावाकडं चला. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई येणार हायत्या.”

“का? फ्रीज बंद पडला?”

“त्यो कशाला बंद पडतोय! गावात डांग्या खोकला सुटलाय. ज्यास्नी टोचलं त्याच लेकरांस्नी धरलंय. लोक म्हणत्यात, बाईनं औषध इकलं आन् पाणी टोचलं. परवा पहाटं माझ्या दारात कुणीतरी शेण फेकलं.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “फ्रीज ठाकठीक हाय, येवढंच तुमी सांगा. तुमचा शबूद गाव मानतंय.”

लेथवरून ज्ञानू ओरडला, “आमच्या मिस्त्रीचा नग हाय त्यो, बाई! हत्तीनं लाथ मारली तरी हलायचा न्हाय!”

मिस्त्री दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून निघाले. एका बाईची अब्रू आपल्या शब्दाने वाचणार, या विचाराने त्यांना मनातून बरेही वाटत होते.

कातळवाडीत शिरताच पहिला आवाज ऐकू आला तो धोंडुबाईच्या अंगणातून. मांडीवर तिची तान्ही नात होती. मूल खोकत होते, आणि खोकल्यामागून खोकला असा येत होता की मध्ये श्वासाला फटच नव्हती. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. मग सारे थांबले. आणि मग छातीतून एक लांब, किंचाळल्यासारखी ओढ आली. उभा जन्म यंत्राचा श्वास ऐकण्यात गेलेले मिस्त्री अंगणाच्या कडेला थांबले.

“या, मिस्त्री,” धोंडुबाई नातीचे तोंड पुसत म्हणाली. “तुमच्या पेटीला कुणी नाव ठिवंना, बरं का. मी येत्या-जात्याला सांगती, पेटी सोन्यावानी हाय, सुईवालीच खोटी.”

मिस्त्रींनी हो ला हो केले नाही, पण नाहीही म्हटले नाही. पेटीची स्तुती तेवढी कानांनी उचलली.

केंद्राच्या खोलीत डॉक्टर नंदिनी माईणकर टेबलाशी बसल्या होत्या. वयाने तरुण, बोलणे मोजके. दारात सरपंच आणि गावची चार माणसे दाटली होती. डॉक्टरांनी दोन कुप्या घेतल्या. एक केंद्राच्या फ्रीजमधली, वितळू दिलेली, आणि एक कोल्हापूरहून स्वतःच्या पेटीत आणलेली. दोन्ही एकदम हलवून त्यांनी टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. पेटीतली लस दुधाळच राहिली. फ्रीजमधली बघता-बघता फाटलेल्या दुधासारखी झाली. चोथा तळाला, वर नितळ पाणी.

“ही गोठली होती,” डॉक्टर म्हणाल्या. “ही लस उन्हाने मरते तशी बर्फानेही मरते. उन्हाने सावकाश, बर्फाने एका रात्रीत. गोठलेली लस टोचली, तर मुलाच्या वाट्याला फक्त सुईचं दुखणं येतं.”

मिस्त्री भिंतीला टेकले. स्वतःचाच आवाज त्यांच्या कानात घुमला, फेट्याखालून आलेला : गारठ्यानं काय नासतंय?

“सिस्टर, फ्रीजमध्ये बर्फ केव्हापासून होतो?”

शालूबाईंनी जमिनीकडे पाहिले. मग एकदाच मिस्त्रींकडे पाहिले. “ह्याच म्हैन्यात, म्याडम. थंडी पडल्यापासनं.”

“बटण फिरवलंत?”

“व्हय. म्याच फिरवलं.”

“आणि गोठलेली चालते, असं कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाय. माझं मलाच वाटलं.”

त्या फ्रीजला फिरवायचे बटण नव्हते. हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होते. शालूबाईंनी भीतीने आपला सात महिन्यांचा अपराध एका महिन्यावर आणला होता. पण ज्याने सांगितले त्याचे नाव त्यांनी घेतले नव्हते. गावाने ज्याला फेटा बांधला, त्याला गावासमोर उघडे कसे पाडायचे? मिस्त्रींनी दाराकडे पाहिले. दारातून सरपंच त्यांच्याकडे पाहून आदराने मान हलवत होते.

“ठीक आहे,” डॉक्टर उठल्या. “म्हणजे याच महिन्यातल्या मुलांना पुन्हा टोचू. त्याआधीच्यांचं बरोबर आहे. लस घेऊनही एखाद्याला खोकला होतो. आजारी मुलांना मी औषध लिहून दिलंय. सिस्टर, तुम्ही उद्यापासून कामावर येऊ नका. चौकशी होईल.”

शालूबाईंनी मान डोलावली. मिस्त्री तेव्हाही बोलले नाहीत.

परतताना डॉक्टरांनी त्यांना जीपमध्ये शेजारी जागा दिली. उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडला होता. जीप गोगलगायीसारखी सरकत होती.

“तुमच्या हाताची कीर्ती ऐकली, मिस्त्री. बरं झालं भेटलात. जिल्ह्यात आणखी काही केंद्रांचे फ्रीज असेच थर्मोस्टॅटवाचून पडलेत. अगदी याच्यासारखे करून द्याल?”

मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर एकेक गाव आले. प्रत्येक गावात नारळ, प्रत्येक गावात कुपीतला खडा, प्रत्येक अंगणात ती ओढ. 

“गाडी थांबवा,” ते म्हणाले.

“काय झालं? मळमळतंय?”

“डॉक्टरीणबाई, बटण कुणी फिरवलं न्हाय. माझ्या नगाला बटणच न्हाय.”

डॉक्टर वळून बघू लागल्या. मिस्त्री समोरच्या बैलगाडीच्या चाकाकडे पाहत बोलत राहिले. “पयल्या दिसापासनं बर्फ हुतोय. वैशाखापासनं. वीज जाती म्हणून म्याच गारवा वाढवून ठिवला. बाईनं मला इचारलं हुतं, येवढं चालतंय का म्हणून. म्या सांगितलं, काय हुत न्हाय. मला म्हाईत नव्हतं आन् तरी म्या सांगितलं.”



“डांग्या खोकला निदान आवाज करत येतो,” डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. “घटसर्प आणि धनुर्वात वाजत-गाजत येत नाहीत. वैशाखापासून टोचलेलं एकूण एक मूल उघड्यावर आहे, मिस्त्री. आणि मी आत्ताच गावासमोर सांगून आले, की त्यांचं बरोबर आहे.” मग त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, “जीप वळवा.”

मारुतीच्या देवळापुढे माणसे जमली. डॉक्टर सांगायला पुढे झाल्या, तेव्हा मिस्त्रींनी हात जोडून त्यांना थांबवले आणि टोपी काढून स्वतः सांगितले. जीपमध्ये सुचलेले शब्द इथे सुचले नाहीत. तुटक-तुटक बोलले, पण काही गाळले नाही. कुणीतरी आईवरून शिवी दिली. सरपंच म्हणाले, “आन् आमी फेटा बांधला ह्येला!” कुणी हात उगारला असता तर मिस्त्रींना हलके वाटले असते. कुणी उगारला नाही.

धोंडुबाई नातीला खांद्यावर घेऊन पुढे आली. तिला सारे समजायला वेळ लागला. समजले तेव्हा ती मिस्त्रींना काही म्हणाली नाही.

“म्हंजी त्या बाईच्या दारात शेण म्या उगंच फेकलं,” ती म्हणाली. “तुमच्या पेटीपायी.”

डॉक्टरांनी मुलीची छाती तपासली आणि तिला ताबडतोब कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायचे ठरवले. मिस्त्रींनी जीपमधली आपली जागा धोंडुबाईला दिली. मुलीचे पुढे काय होईल ते सांगायला जीप थांबली नाही.

मग ते शालूबाईंच्या खोलीवर गेले. ट्रंक अर्धी भरलेली होती.

“सांगितलं म्या, बाई. समदं.”

“मी पण खोटं बोलले,” शालूबाई घडी घालता-घालता म्हणाल्या. “त्येची शिक्षा मी घीन. पण मिस्त्री, मी तुमच्याकडं बघितलं हुतं. तवा का न्हाय बोलला?”

 मिस्त्रींनी केंद्रात जाऊन आपला नग फ्रीजमधून सोडवला आणि खिशात घातला. घरी पोहोचेतोवर तो मांडीला टोचत होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी कातळवाडीला नवी लस न्यायची होती, बर्फाच्या पेटीतून, आणि पेटी भरायचे काम मिस्त्रींनी मागून घेतले होते. डॉक्टरांनी बजावले होते : बर्फ हवा, पण कुपी बर्फाला टेकता कामा नये, मध्ये जाड कापड घाला. ज्ञानू गोणपाट शोधू लागला. मिस्त्रींनी खुंटीवरचा फेटा काढला, सोडला आणि दातांनी कड फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. ज्ञानूने त्या उचलून पेटीत अंथरल्या. 

चौकशी संपेपर्यंत शालूबाईंना सुई धरायची परवानगी डॉक्टरांनी मिळवली होती, पण स्वतःच्या देखरेखीखाली. वैशाखापासूनची मुले ओळीने आली. ज्यांना खोकला झाला होता त्यांच्या आयाही आल्या. घटसर्प आणि धनुर्वात अजून अडवायचे राहिलेत, हे त्यांनाही कळले होते. मिस्त्री पेटी ठेवून बाजूला उभे होते. एका आईच्या हातातून मूल निसटू लागले, तेव्हा शालूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “पाय धरा, मिस्त्री. घट्ट.”

त्या दिवशी त्या त्यांच्याशी एवढेच बोलल्या.

मिस्त्रींनी पाय धरले. पोलादाची सवय असलेल्या हातात ते इवलेसे, गरम पाय आले, आणि सुई शिरताच त्यांनी जी लाथ मारली ती मिस्त्रींना कोपरापर्यंत जाणवली. मूल रडत-रडत त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. मग पुढचे आले. त्याच्या पुढचे आले. आपला गारवा कुठवर पोहोचत होता, हे मिस्त्री पहिल्यांदाच हाताने मोजत होते.

पलीकडच्या गल्लीत कुठल्या तरी घरात खोकला सुरू झाला. खोकल्यावर खोकला, मध्ये फट नाही. आणि मग शांत. मिस्त्रींचे हात मुलाच्या पायांवर तसेच राहिले. श्वास परत येण्याची वाट बघत ते ऐकत उभे राहिले.