मेणातला चौथा तुकडा

मेणात काही वाढत नाही. एवढं तरी मला पक्कं ठाऊक होतं, कारण बावीस वर्षं मी हेच काम करते आहे. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा वितळलेल्या मेणात बसवायचा, त्याचा काडेपेटीहून लहान ब्लॉक करायचा, यंत्राच्या पात्याखाली त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. कॅन्सर आहे की नाही ते त्या सांगतात. मी फक्त कापते. घरी मात्र मला भाजी चिरायचा कंटाळा येतो, आणि यावरून माझी धाकटी बहीण पोट धरून हसते.

रंगाचा भरवसा नसतो. म्हणून रोज रुग्णांच्या काचांबरोबर दोन ओळखीचे काप रंगवतात, एक कॅन्सरचा आणि एक निरोगी. आम्ही त्यांना कंट्रोल म्हणतो. घाईघाईने वाढणाऱ्या पेशी या रंगात तपकिरी होतात. कॅन्सरचा काप तपकिरी झाला आणि निरोगी निळाच राहिला, की रंग बरोबर आहे असं समजायचं. मग मी काचेच्या टोकाला तारीख घालून 'ठीक' लिहिते आणि आमचा दिवस सुरू होतो.

त्यातला निरोगी कंट्रोल मीच होते. चार वर्षांपूर्वी माझ्या स्तनातली एक गाठ काढली होती. गाठ साधी निघाली. तिच्याभोवतीच्या चांगल्या भागाचे चार ब्लॉक उरले होते आणि आमचा जुना निरोगी ब्लॉक नेमका संपत आला होता. मी रीतसर संमती लिहून दिली. त्याची मला थोडी ऐटही होती, ती कशाला लपवू? डॉक्टरबाई दरवर्षी मॅमोग्राफीची आठवण करायच्या. धाकटी तर स्वतःची करून आली आणि माझ्या मागे भुणभुण लावून बसली. मी दोघींना एकच उत्तर द्यायचे, की बाकीच्या बायका वर्षातून एकदा तपासून घेतात, मी रोज सकाळी भिंगाखाली असते.

तीन ब्लॉक संपले. चौथा अर्ध्यावर आला तेव्हा एका सकाळी माझ्या निळ्या कापात तीन तपकिरी ठिपके दिसले. एखाददुसरा ठिपका निरोगी भागातही असतो. मी 'ठीक' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सात होते, तेही एकमेकांना खेटून. तेव्हा मनात पाल चुकचुकली, पण मी दोष रंगाला दिला. नवी बाटली फोडली, पाणी बदललं, भांडी घासून काढली. रुग्णांच्या काचा चोख निघाल्या. कॅन्सरचा कंट्रोल जसा हवा तसाच होता. फक्त माझा डाग मोठा झाला होता.

तो रोज वाढत होता. मेणात, पेशी मरून चार वर्षं झालेल्या तुकड्यात. एका संध्याकाळी मी तो ब्लॉक फ्रीजमध्ये ठेवला. थंडीत तरी वाढणार नाही, असं मला वाटलं. शिकलेली बाई मी, पण वाटलं खरं. सकाळी काप काढला तर डाग आणखी पसरलेला. त्या दिवसापासून ब्लॉक ठेवायच्या कपाटाकडे पाठ करून बसायचं मला धाडस होईना. घरी जेवताना माझा हात आपोआप छातीवर जायचा आणि धाकटी विचारायची, की काही दुखतंय का. मी नाही म्हणायचे. दुखत खरंच काही नव्हतं.

एकोणीस दिवस मी कुणाला बोलले नाही. कॅन्सरचा कंट्रोल बरोबर आहे ना, मग रंग बरोबर आहे, अशी मनाची समजूत घालून माझ्या काचेवरही 'ठीक' लिहीत राहिले. विसाव्या दिवशी पेन उचलेना. काच घेऊन तशीच डॉक्टरबाईंकडे गेले आणि म्हणाले, माझा तुकडा मेणात वाढतोय.

त्या हसल्या नाहीत. बराच वेळ भिंगात बघत राहिल्या. मग त्यांनी मागच्या सगळ्या काचा मागवल्या, तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडल्या आणि मला शेवटापासून सुरुवातीकडे बघत जायला सांगितलं. डाग लहान लहान होत गेला. सात पेशी, मग तीन, मग काहीच नाही. प्रत्येक काचेवर माझ्याच अक्षरात 'ठीक'.

"तो वाढत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज कापत कापत त्याच्यापर्यंत गेलात. तुमचा रिपोर्ट दिला तेव्हा प्रत्येक ब्लॉकचे वरचेच काप बघितले होते. हा खाली होता. चार वर्षं तिथेच होता."

मेणात काही वाढत नाही. शरीरात वाढतं. तुकडा काढला त्या दिवशीच तो थांबला होता, आणि त्याच्या शेजारचं जे माझ्यात राहिलं, त्याला मी चार वर्षं मोकळं रान दिलं होतं.

त्याच आठवड्यात मॅमोग्राफी झाली. तिथे, जुन्या टाक्यांच्या बाजूलाच, बारीक पांढरे कण दिसले. सुईने तुकडा काढून आमच्याच लॅबमध्ये पाठवला. आपला किंवा आपल्या माणसाचा तपासणीला आलेला तुकडा आपण कापायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून तो शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कापला. पात्याचा तो आवाज मी बावीस वर्षं ऐकला आहे, पण त्या दिवशी मी कान झाकून घेतले.

डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर बसवलं. "आहे. पण अजून दुधाच्या नळीच्या आतच आहे. भिंत फोडलेली दिसत नाही. ऑपरेशननंतर पक्कं कळेल."

मी रडले, चक्क हमसून रडले. पुढे सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे सगळा स्तन काढायचा. दुसरी म्हणजे तेवढाच भाग काढून नंतर रेडिएशन घ्यायचं आणि पाच वर्षं गोळी, शिवाय दरवर्षी तपासणी. आणखी वर्ष-दोन वर्षं गेली असती तर कदाचित केमोथेरपीचीही गोष्ट निघाली असती, असंही त्यांनी लपवलं नाही. मी दुसरी वाट धरली. धाकटी माझ्याबरोबर होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षीपासून आपण दोघी बरोबर जायचं. तुझं ते रोज भिंगाखाली असणं मला सांगायचं नाही."

ऑपरेशन झालं. भिंत शाबूत होती. मी कामावर परतले तेव्हा टेबलावर संमतीचा कागद ठेवलेला होता. उरलेला तुकडा कंट्रोल म्हणून वापरू का, असं त्यात विचारलं होतं, पण या वेळी कॅन्सरच्या कापासाठी. मी सही केली. ती काच मी बघणार नाही, एवढी अट घातली.

आता रोज सकाळी माझा तुकडा तपकिरी होतो आणि शेजारच्या बाई त्यावर लिहितात, 'ठीक'.