बिनखिशाच्या वस्तादची निळी गाडी

मित्रांनो, माणसं पैज लावतात ती शक्यतो दुसऱ्याच्या जिवावर. आमच्या गल्लीतल्या दोघांनी लावली ती माझ्या जिवावर. वर चहाचे कपही माझ्याच बॉनेटवर ठेवले होते.

रविवारची सकाळ होती. माझे मालक टेलरमास्तर गळ्यात टेप अडकवून माझी काच पुसत होते. शेजारचे दातांचे डॉक्टर आपल्या नव्याकोऱ्या लाल गाडीवर मऊ फडकं फिरवत होते. त्या गाडीला मी टोमॅटो म्हणते. तोंडावर नाही, मनात.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मेकॅनिकला वर चहापाण्याला काय देता?"

"काही नाही. घेतच नाही तो."

"घेत नाही? अहो, मी तर चावी द्यायच्या आधी नोट सरकवतो. हात ओला केल्याशिवाय पाना फिरत नाही."

"आमच्या वस्तादचा फिरतो."

"मग तो चांगले पार्ट काढून विकत असेल. दहातले नऊ जण तेच करतात. चांगलं ते उपटायचं आणि सांगायचं, किडलं होतं."

"तुम्हाला बरं आतलं ठाऊक, डॉक्टर!"

हे डॉक्टरांना असं झोंबलं की त्यांनी कप माझ्या बॉनेटवर आपटला. डाग अजून आहे. "लावता पैज?"

लागली पैज. डॉक्टरांनी आपल्या गाडीची एक वायर स्वतःच सैल करायची, गाडी वस्तादकडे न्यायची आणि निघताना त्याला वरची एक नोट द्यायची. त्याने खोटं काम काढलं, किंवा पुढच्या रविवारी दहापर्यंत ती नोट परत आली नाही, तर मास्तर हरले. वस्तादला पैजेचं कळू द्यायचं नाही.

"हरलात तर ही निळी म्हातारी भंगारात," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुम्ही हरलात तर हिला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यायचं. 'मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही' असं ओरडत."

"मंजूर!"

टाळी वाजली. डॉक्टरांनी खिशातून नोट काढून तिच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने एक छोटासा दात काढला, म्हणजे ओळख पटायला नको का! माझं मत कुणी विचारलं नाही.

तर मी एक जुनी निळी गाडी आहे. वय वर्षं सतरा, म्हणजे माणसांच्या हिशेबात काठी टेकायचं. मी कारखान्यात जन्मले तेव्हा माझ्या अंगावर तीन हात रंग चढला होता आणि माझ्या काचेत बघून एक कामगार भांग पाडत होता. मास्तरांनी मला घरी आणलं तेव्हा गल्लीत दुसरी गाडीच नव्हती. पोरं माझ्या आरशात तोंडं वेडीवाकडी करायची. ज्याच्या घरी आजारी माणूस, तो मास्तरांचं दार ठोठावायचा. आज गल्लीत बाइकवरून शायनिंग मारत फिरतात ना, त्यातले तिघं जन्मानंतर पहिल्यांदा घरी आले ते माझ्याच मागच्या सीटवर. पण हे सांगायचं कुणाला?

काम केलं की दुखणी येतातच. माझ्या नशिबी आधी जे मेकॅनिक आले त्यांची नावंच नकोत. एकाने माझी चांगली बॅटरी काढून कुणाची तरी मरतुकडी बसवली. दुसरा दर वेळी म्हणायचा, "साहेब, इंजिन उघडावं लागेल." सर्दी झाली की पोट फाडायला निघणारा तो. तिसरा काम बरं करायचा, पण शेवटचा बोल्ट पिळायच्या आधी हात पसरून उभा राहायचा. मास्तर भिडस्त, देऊन टाकायचे. मग माझ्या लक्षात आलं की बोल्ट दर वेळी थोडा कमी पिळला जातोय.

शेवटी मास्तरांनी टेलरची युक्ती केली. शिवायला दिलेल्या कापडाची उरलेली कात्रणं ते गिऱ्हाइकाला परत देतात. गाडीच्या बाबतीतही त्यांनी तेच धरलं. नवा मेकॅनिक दिसला की म्हणायचे, "जे काढाल ते मला परत द्या." दोघा-तिघांनी कपाळाला आठ्या घातल्या. चौथा वस्ताद. तो म्हणाला, "देणारच. तुमचं आहे, मी ठेवून काय लोणचं घालू?" तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीनंतर जुना पार्ट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून माझ्या डिकीत येतो. वर चिठ्ठी असते: काय काढलं, का काढलं. आणि निघताना वस्ताद न चुकता म्हणतो, "पुडकं बघून घ्या."

मास्तरांनी पहिली दोन पुडकी उघडली. मग म्हणाले, "तुम्ही बांधलंय ना, मग काय बघायचं!" पुढची सगळी तशीच डिकीत साठत गेली. मित्रांनो, हे लक्षात ठेवा.

वस्तादबद्दल अजून एक सांगते. तो आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतो, मूठ स्वतःच्या कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. नवरा-बायको इतकं ऐकत नाहीत एकमेकांचं. बारा वर्षं तो कान माझा होता. निदान मी तसं धरून चालले होते.

सोमवारी आमची वरात गॅरेजवर निघाली. पुढे मास्तर माझ्यात, मागे डॉक्टर टोमॅटोत, एका वायरीने लंगडत. पोहोचल्यावर वस्तादने मला बाजूला घ्यायला लावलं आणि टोमॅटोला पत्र्याच्या शेडमध्ये घेतलं. माझ्या जागेवर! बारा वर्षं माझ्या तेलाचे थेंब पडून जी फरशी काळी झालीय, त्या फरशीवर ती बया चकाचक टायर ठेवून उभी.

मग त्याने तळहात तिच्या बॉनेटवर ठेवला. मी म्हटलं, ठीक आहे, धंदा आहे. मग स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डोळे मिटले.

मित्रांनो, माझं पाणी उकळलं. अक्षरशः. मास्तर बोलायच्या नादात मला चालूच ठेवून उतरले होते. माझा पंखा आधीच कुरकुरत होता, त्यात ही आग. मनात आलं, आता अशी वाफ सोडते की त्या कानाला तिकडून इकडे यावंच लागेल. आणि फट्! पाण्याचा रबरी पाइप फुटला. गॅरेजभर वाफ झाली.

"बघा!" डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "हीच का वस्तादच्या हातची गाडी?"

मास्तरांचं तोंड उतरलं. माझंही उतरलं असतं, पण माझं तोंड पत्र्याचं.

वस्तादने मला बंद केलं. "हिला गार होऊ द्या, तोवर यांचं बघतो." म्हणजे एवढं करूनही तो परत तिच्याकडेच गेला! मिनिटभरात त्याने वायर शोधून खोचली आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"साहेब, ही आपोआप निघालेली नाही. धुळीत बोटं उमटलीत. स्वच्छ हात, नखं नीट कापलेली. मेकॅनिकची नाहीत."

डॉक्टरांनी हात पाठीमागे लपवले. "असेल कुणीतरी. किती झाले?"

"वायर खोचायचे कसले पैसे?"

"बरं, मग हे चहापाण्याला." डॉक्टरांनी दातवाली नोट पुढे केली. वस्तादने काळे हात वर केले. डॉक्टर त्याच्या सदऱ्याचा खिसा शोधू लागले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, खाली नाही. गुदगुल्या करतात तसे चाचपत राहिले.

"खिसा नाही, साहेब. मास्तरच शिवतात माझे सदरे. मीच सांगितलंय, खिसा नको. कान एका वेळी एकाच जागी लागतो. एक तर इंजिनला, नाहीतर खिशाला."

माझं इंजिन बंद होतं, तरी धडधडलं. पण डॉक्टर हार मानणारे नव्हते. वस्ताद माझ्याकडे वळला, तेवढ्यात त्यांनी फळीवरच्या त्याच्या जेवणाच्या डब्यात नोट सारली, झाकण लावलं आणि "दवाखाना उघडायचाय" म्हणत सटकले. मास्तरांनाही दुकान होतं, ते चालत गेले. बघणारी मी एकटी. आणि ती टोमॅटो, पण ती कशाला बोलतेय.

दुपारी वस्ताद जेवायला बसला. डबा उघडला, भाजीत बुडालेली नोट बघितली, तिच्यावरचा दात बघितला आणि एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने नोट पुसून वाळवली, माझ्या फुटक्या पाइपाबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळली, एक चिठ्ठी लिहून आत घातली आणि पुडकं माझ्या डिकीत ठेवलं. सगळं माझ्या पोटात. अक्षरशः!

संध्याकाळी मास्तर मला न्यायला आले. वस्ताद दुसऱ्या गाडीखाली आडवा होता. नुसते पाय दिसत होते.

"मास्तर, पुडकं बघून घ्या. या वेळी नक्की बघा."

"तुम्ही बांधलंय ना, मग काय बघायचं!"

मी मनात हॉर्न वाजवला. मनातला हॉर्न कुणाला ऐकू येतो?

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. डॉक्टर रोज कुंपणावरून विचारायचे, "मी डब्यात घातलेली नोट आली का?" मास्तर मान हलवायचे. त्यांनी एका गिऱ्हाइकाला उजवी बाही डावीकडे लावून दिली. रात्री मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, पैज लावायची तर स्वतःच्या मिशीची लावायची. गाडीने काय घोडं मारलं होतं?"

"वस्ताद असा नाही गं."

"मग चेहरा का असा?"

मास्तर गळ्यातला टेप उगाच गुंडाळत राहिले. तेव्हा मला कळलं, त्यांना माझी काळजी होतीच, पण जास्त भीती दुसरीच होती. बारा वर्षं ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, तो एका नोटेपुरता निघाला तर? भंगारात मी एकटी जाणार नव्हते. तो विश्वासही जाणार होता.

मग मी माझ्या परीने ओरडायला लागले. रस्त्यात खड्डा आला की डिकीचं झाकण मुद्दाम खडखडवायचं. खड् खड् खड्! उघडा, उघडा! शनिवारी मास्तरांनी ऐकलं. खाली उतरले. डिकीपाशी आले. "झाकण ढिलं झालंय," ते म्हणाले आणि सुतळीने घट्ट बांधून टाकलं.

आणि शेजारी टोमॅटो ऐटीत उभी. मागे जाताना तिच्या पडद्यावर मागचं सगळं दिसतं म्हणे. मला पुढचं दिसत होतं, त्याचं काय?

रविवार उजाडला. दहा वाजता डॉक्टर आले, सोबत भंगारवाला आणि त्याचा तराजू. डॉक्टरांचे दोन पेशंट गाल धरून बघायला थांबले. सगळी गल्ली गोळा झाली. मास्तरांनी माझ्या बॉनेटवर हात फिरवला. कपाच्या डागावर अंगठा घासला, जसा काही आता तरी निघेल.

"डिकी रिकामी करा," भंगारवाला म्हणाला. "आतलं लोखंड वेगळं तोलतो."

सुतळी सुटली. पुडकी निघायला लागली. एक, दोन, पाच, अकरा.

"अगं बाई!" मालकीणबाई म्हणाल्या. "हे काय साठवलंय? संसार का काय?"

मित्रांनो, दातांच्या डॉक्टरसमोर उपटलेली वस्तू ठेवली तर त्याला राहवतं का? डॉक्टरांनी पहिलं पुडकं उघडलं. झिजून कागद झालेला ब्रेकचा तुकडा. दुसऱ्यात तडे गेलेला पट्टा. तिसऱ्यात दात गेलेलं चाक. ते उन्हात धरून डॉक्टर पुटपुटले, "खरंच किडलंय." चौथं, पाचवं. चेहरा उतरत चालला. एकही चांगला पार्ट नाही.

शेवटच्या पुडक्यातून फाटका रबरी पाइप निघाला. पाइपातून नोट निघाली. कोपऱ्यात निळा दात, मध्ये भाजीचा पिवळा डाग. सोबत चिठ्ठी. मालकीणबाईंनी ती मोठ्याने वाचली:

"दातवाल्या साहेबांची नोट माझ्या डब्यात सापडली. मी नोटा खात नाही. दात चांगले राहतात. — वस्ताद"

गाल धरलेले दोन पेशंटसुद्धा हसले आणि मग कळवळले.

मास्तर हसले नाहीत. ते बाकीच्या पुडक्यांकडे बघत होते. "प्रत्येक वेळी म्हणायचा, बघून घ्या," ते हळूच म्हणाले. "माणसाने एवढं काम केलं आणि मी कधी बघितलंसुद्धा नाही."

तेव्हा मित्रांनो, मेकॅनिकला वर पैसे द्यायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा. द्यायचे तर उघड हातावर द्या. तो नको म्हणाला तर त्याच्या जेवणात हात घालू नका. आणि विश्वास ठेवाच, पण पुडकं उघडून बघा. त्याने ते तेवढ्यासाठीच बांधलेलं असतं.

बाकी आता टोमॅटोही वस्तादकडेच जाते. दर महिन्याला, माझ्या फरशीवर. मी मनाचा मोठेपणा दाखवून ते सहन करते, म्हणजे दर महिन्याला थोडी उकळते.

पण त्या रविवारी मी थंड होते. मास्तर ऐटीत स्टिअरिंगवर बसले. डॉक्टरांनी बाह्या सारल्या, माझ्या पाठीला खांदा लावला आणि ओरडले, "मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही!"

"ऐकू नाही आलं!" मालकीणबाई गॅलरीतून म्हणाल्या.

"ओ की ठो कळत नाही!"

पोरं मागून धावत होती. गल्लीच्या टोकाला वस्ताद सायकलवरून उतरला. "काय झालं हिला?"

"हिला काही नाही," मास्तर खिडकीतून म्हणाले. "डॉक्टरांना झालंय."

वस्तादने टोमॅटोकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला, जरा कान दिला आणि गालातल्या गालात हसला. डॉक्टरांचा घाम टिपटिप गळत होता. "एवढी जड कशी हो ही?" ते धापा टाकत म्हणाले.

माझा मागचा ब्रेक थोडा चिकटतो, मित्रांनो. वस्तादला ते माहीत आहे. डॉक्टरांना त्या दिवशी कुणी सांगितलं नाही.