हरायच्या आधीची पार्टी

"आणि फुगे कशाला?" क्रीडाशिक्षकांनी विचारलं. "खेळाडू येणार आहेत, बालवाडी नाही."

"फुगे नकोत तर नकोत," मी म्हटलं. "पण पार्टी पहिल्या संध्याकाळी. त्यात बदल नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. माझ्याशी बोलताना ते नेहमीच चोळतात. दरवर्षी आमच्या कॉलेजात बाहेरून मुलींचे चार व्हॉलीबॉल संघ येतात, दरवर्षी शेवटच्या दिवशी पार्टी होते आणि दरवर्षी मी हेच तुणतुणं वाजवते. पहिला सामना हरलेल्यांना आपण दुपारच्याच बसमध्ये घालतो. मग पार्टी देतो कोणाला? जिंकलेल्यांना. त्यांना कशाला हवी पार्टी? त्यांच्याकडे कप असतो.

"ठीक आहे मॅडम," प्राचार्य म्हणाले. "या वर्षी तुमचं ऐकतो. पण फसलं तर हा विषय कायमचा बंद."

पुढच्या वर्षी मी इथे असणारच नव्हते. मी क्रीडा विभागातली कारकून, उन्हाळ्यात निवृत्त होणार. मुली आधी मला ताई म्हणायच्या, आता मावशी म्हणतात. एवढ्या नोकरीत मिळालेली तेवढीच बढती. तेव्हा जे काय व्हायचं ते याच वर्षी व्हायला हवं होतं.

कधीकाळी मीही एका संघात होते. अशाच एका परक्या कॉलेजात आम्ही गेलो, पहिलाच सामना हरलो आणि हातात जेवणाचं पाकीट देऊन आम्हाला बसमध्ये बसवलं. खिडकीतून हॉल दिसत होता. शिडीवर चढून कोणीतरी संध्याकाळसाठी पताका लावत होतं. त्या संध्याकाळी काय घालायचं यावर आम्ही आठवडाभर भांडलो होतो. हसू नका. हरल्याचं मी केव्हाच विसरले, त्या पताकांचा राग मात्र अजून जात नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि खेळ संपला.

होकार मिळाला आणि माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला. क्रीडाशिक्षक म्हणाले, नाच नको, कोणाचा पाय मुरगळला तर जबाबदार कोण? कॅन्टीनवाला रोज येऊन विचारायचा, "सँडविच की केक?" दोन्ही म्हटलं की तो म्हणायचा, "हो, पण नेमकं काय?" स्पीकर दुरुस्तीला गेला तो पार्टीच्या दुपारपर्यंत तिकडेच रमला. घरी हे म्हणाले, "निघता निघता तरी जरा शांत बस की." मी शांत बसणाऱ्यातली असते तर यांच्याशी इतकी वर्षं संसार झाला असता का?

माझी युक्ती साधी होती. प्रत्येक टेबलावर वेगळ्या रंगाचं कापड. दारात एका भांड्यात त्याच रंगांच्या फिती. हाताला येईल ती फीत घ्यायची आणि त्या रंगाच्या टेबलावर बसायचं, म्हणजे चारही संघ आपोआप मिसळतील.

मुली आल्या. शहाण्यासारख्या फिती घेतल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत आपापसात बदलून घेतल्या. एक संघ, एक टेबल. शेजारच्या टेबलाकडे कोणी मान वळवेल तर शपथ.

"अगं, तिकडे जाऊन बसा की जरा. ओळखी करा," मी एका टेबलाशी जाऊन म्हटलं.

"नको मावशी. आमच्या सरांनी सांगितलंय, सामना होईपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही. बोलण्यात काहीतरी निघून जातं."

त्यांच्यातली एक उंच मुलगी डावा हात खिशात घालून बसली होती. मी काही म्हणणार, एवढ्यात शेजारणीने माझ्या कानाशी तोंड आणलं. "तिचं बोट सुजलंय. त्यांना कळलं ना, तर उद्या सगळे बॉल तिच्याच अंगावर मारतील."

मी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं मी घसा कोरडा केला आणि ही एक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. हरायच्या आधी सगळ्याच एकमेकींच्या वैरिणी असतात. मी स्वतः खेळलेली बाई, मला हे कळू नये? गाणं वाजत होतं, एक पाऊल हललं नाही. केक नको, उद्या जड वाटेल. सरबत नको, घसा बसेल. मग एका प्रशिक्षकांनी टाळी वाजवली, "चला, झोपायला," आणि हॉल रिकामा.

क्रीडाशिक्षकांनी अख्ख्या केककडे पाहिलं. "फुगे हवे होते बहुतेक," ते म्हणाले. तो केक त्यांच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला.

सकाळी प्राचार्य भेटले. "पुढच्या वर्षीपासून शेवटच्या दिवशीच, मॅडम." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुपारपर्यंत दोन संघ हरले. पोर्चच्या पायऱ्यांवर, एक या टोकाला, एक त्या टोकाला, बॅगा घेऊन बसची वाट बघत बसले. केक फेकवत नव्हता, म्हणून मी खोकी घेऊन तिथे गेले. ती उंच मुलगी सुजलेलं बोट आता उघड्यावर धरून बसली होती आणि पट्टी सुटून लोंबत होती. मी शेजारी टेकले आणि ते बोट शेजारच्या बोटाशी जोडून नीट बांधलं.

पलीकडच्या संघातली एक जण वाकून बघायला लागली. "म्हणून काल खिशात हात होता होय? आम्हाला वाटलं, केवढा हा ताठा!"

आधी ती उंच मुलगी हसली, मग सगळ्याच. कोण जास्त वेड्यासारखं हरलं यावर दोन्ही संघांत वाद जुंपला. केकला चमचे नव्हते, कोणी मागितलेही नाहीत. कोणीतरी बॅगेवर फोन ठेवून गाणं लावलं आणि पोर्चमध्ये सगळ्या नाचायला लागल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तो कोणी ऐकला नाही.

"मॅडम, बस निघायला हवी," क्रीडाशिक्षक बाहेर येऊन म्हणाले.

"निघेल," मी म्हटलं.

उंच मुलगी धापा टाकत माझ्याजवळ आली. "मावशी, बोट असं बांधायला कुठे शिकलात? खेळायचात तुम्ही?"

"खेळायचे."

"मग हरल्यावर तुम्ही पण अशीच धमाल करायचात?"

तिच्या गालाला केक लागला होता.

"हो तर," मी म्हटलं. "आम्ही तर बस तासभर अडवून धरली होती. शेवटी ड्रायव्हरच उतरून नाचायला लागला."

"खरंच?"

"अगदी खरं."

तिने ते ओरडून सगळ्यांना सांगितलं. सगळ्या जणी बसकडे धावल्या आणि ड्रायव्हरला हाताला धरून खाली ओढायला लागल्या. तो बिचारा नाही नाही म्हणत होता. मी रिकामी खोकी एकात एक घातली आणि बघत उभी राहिले.