ओक्नाराची बस मागे जात नाही

मॅचच्या दिवशी फुटबॉल टीमची बस रिव्हर्समध्ये जात नाही म्हणजे नाही. हा काही एकट्या आमच्या ओक्नारा गावच्या टीमचा नियम नव्हे, रोमानियात भलेभले कोच तो पाळतात. पण आमचा कोच उर्साकी तो इतका कडक पाळायचा की तेवढा कडक उपास आमचा पाद्रीसुद्धा पाळत नसेल. बस मागे गेली की टीम मागे गेली, विषय संपला. म्हणून ड्रायव्हर साबिन आदल्या संध्याकाळीच बस अशी लावून ठेवायचा की तोंड रस्त्याकडे. रस्त्यात कुणी रिकामी बादली घेऊन दिसलं तरी उर्साकी तीनदा थुंकायचा आणि खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा.

तिबेरिउ हान्काशला, म्हणजे आमच्या तिबीला, हा सगळा पोरखेळ वाटायचा. पण हसायची सोय नव्हती. उर्साकीच्या अपशकुनांच्या यादीत काळं मांजर आणि रिकामी बादली यांच्या जोडीला तो स्वतः होता.

पस्तीस वर्षांचा मिडफिल्डर. एकोणिसाव्या वर्षी ओक्नारातून बाहेर पडला, पहिल्या लीगमध्ये चार क्लबांकडून खेळला, आणि चारही क्लब तो असताना खालच्या लीगमध्ये घसरले. आता खरं सांगायचं तर चारही क्लबांनी त्याला जानेवारीत बोलावलं होतं, टीम तळाला जाऊन बसल्यावर. पाणी गळ्याशी आलं की ह्याला हाक मारायची, आणि बुडालं की म्हणायचं, हा आला म्हणून बुडालं! पण एवढा विचार करायला पेपरवाल्यांना फुरसत कुठली? त्यांनी त्याचं नाव ठेवलं ग्रोपार, कबर खोदणारा. ते जे चिकटलं ते चिकटलंच. त्याची बायको लेनुत्सा बाजारात कोबी घ्यायला गेली तरी मागून कुजबुज व्हायची, ही बघ, ग्रोपारची बायको.

या जानेवारीत तो घरी परतला. खाणवाल्यांची टीम, तिसरी लीग, गुडघ्याएवढा चिखल. उन्हाळ्यापर्यंत ओक्नारा पहिल्या नंबरावर होती आणि वरच्या लीगमध्ये जायला फक्त दोन निकालाच्या मॅच उरल्या होत्या, तुर्नुलेत क्लबाविरुद्ध, एक घरी आणि एक त्यांच्याकडे. घरच्या मॅचला उर्साकीने तिबीला नव्वद मिनिटं बाकावर बसवून ठेवला. मॅच शून्य-शून्य सुटली.

"ही मॅच वेगळी आहे रे," उर्साकी म्हणाला होता. "लीगमध्ये ठीक आहे. पण निकालाच्या मॅचला मला धोका नको. तू समजून घे."

तिबीने बरंच समजून घेतलं होतं आजवर. हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. खेळून हरला असता तर एक वेळ चाललं असतं. पण पायाला चेंडू न लागताच आपल्या गावातसुद्धा आपण पनवती ठरायचं? दुसरी मॅच त्याला पहिल्या मिनिटापासून खेळायची होती. त्यानंतर जग बुडालं तरी बेहत्तर.

दुसऱ्या मॅचला निघाले तेव्हा अकरा जणांची यादी जेवणाच्या टेबलावरच वाचून झाली होती. तिबी पुन्हा बाकावर. बसमध्ये पाद्रीने शिंपडलेल्या तुळशीच्या पाण्याचा वास अजून होता. हमरस्त्यावर दरड कोसळलेली म्हणून साबिनने आलुबुखाऱ्याच्या बागांमधून जाणारी आडवाट धरली, आणि ती एका लाकडी पुलापाशी येऊन थांबली. पुलावर पाटी होती, साडेतीन टन. बस बारा टनांची. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला नाला. पावणेचार वाजले होते आणि मॅच पाचला.

"चारशे मीटर मागे घेतली की दुसरा फाटा आहे," साबिन म्हणाला.

"मागे?" उर्साकीचा चेहरा पांढराफटक पडला. "उतरा सगळे. चालत जाऊ."

"नऊ किलोमीटर आहे, मिस्टर," गोलकीपर बुझदुगान म्हणाला. कोचला आम्ही सगळे मिस्टरच म्हणायचो.

"मग धावत जाऊ!"

"धावत गेलो तर खेळणार कोण, तुमचे काका?"

कुणी हसलं नाही. वेळेवर मैदानात उतरले नाहीत तर तीन-शून्य हरल्याचा निकाल कागदावरच लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकही जण साबिनला मागे घ्या म्हणेना. हरलो तर ते वाक्य जन्मभर आपल्या नावावर राहील, ही धास्ती होती. साबिनने इंजिन बंद केलं. नाल्यात बेडूक ओरडत होते.

तिबी मागच्या सीटवरून उठला आणि सावकाश पुढे आला.

"नेआ साबिन, गाडी मागे घ्या," तो म्हणाला. नेआ म्हणजे आमच्याकडे काका.

"खबरदार!" उर्साकी ओरडला.

"मिस्टर, हरलो तर कुणाच्या तरी माथी मारायला लागेलच ना? मी आहे की! चार क्लब गाडलेत म्हणता, पाचवा मला काय जड आहे? सांगा गावात, ग्रोपारने बस मागे घ्यायला लावली. मी नाही म्हणणार नाही."

उर्साकीने घड्याळ पाहिलं. मग पुलाकडे, मग परत घड्याळाकडे.

"पण फुकट नाही," तिबी म्हणाला. "दोष माझा, तर मॅचही माझी. पहिल्या मिनिटापासून."

"तू मला धमकी देतोयस?"

"हो."

मग बुझदुगान म्हणाला, "द्या ना मिस्टर, नाहीतर रात्री इथेच बेडकांशी मॅच खेळू."

उर्साकीने कशीबशी मान डोलावली, मग तो खाली उतरला आणि फाट्याकडे चालू लागला, नाक समोर ठेवून, म्हणजे निदान तो स्वतः तरी उलटा गेला नाही. तिबीही उतरला, बसच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवू लागला. "या, या, अजून या!" आत अठरा जण छातीवर क्रूस काढत होते, डोळे मिटून. तिबी चारशे मीटर उलटा चालला आणि गावच्या दोन म्हाताऱ्या कुंपणावर रेलून त्याला बघत होत्या. बघा, म्हटलं त्याने मनात. डोळे भरून बघा!

तुर्नुलेतच्या लोकांनी चादरीवर फावडं रंगवून आणलं होतं. तिबीला चेंडू मिळाला की सगळं स्टेडियम एका सुरात ओरडायचं, "ग्रोपार! खण! खण!" पहिल्यांदा ओरडले तेव्हा तो थांबला आणि त्यांना वाकून नमस्कार केला. शिव्यांचा पाऊस पडला. पडू दे. त्याचे पाय आता पळत नव्हते, पण मैदान त्याला तळहातासारखं दिसत होतं, आणि त्याच्या बाजूने त्या दिवशी कुणाला वाट मिळाली नाही.

एकाहत्तराव्या मिनिटाला मधल्या वर्तुळात त्याच्याकडे चेंडू आला. त्याने मान वर करून डावीकडे पाहिलं. तुर्नुलेतचे चौघे डावीकडे सरकले. आणि त्याने न बघता उजवीकडे दिला, दोघांच्या मधून, गवत घासत, थेट आमच्या स्ट्रायकर निक्शोरच्या धावेत. निक्शोरने फक्त पाय लावायचं काम केलं. एक-शून्य. चादरीवरचं फावडं कधी गुंडाळलं गेलं ते कळलंही नाही.

शेवटची शिट्टी झाली आणि ओक्नारा वरच्या लीगमध्ये गेली. बुझदुगान मैदानात लोळत होता. उर्साकी रडत रडत बसपाशी आला आणि त्याने तिबीला कवटाळलं.

"तू थांबतोयस! अजून एक वर्ष, मी अध्यक्षांशी बोललो. आणि ऐक, आता प्रत्येक मॅचच्या आधी बस मागे घ्यायची, चारशे मीटर मोजून. तू मागे चालायचं, आजच्यासारखं. अरे, तू तर आमचा ताईत आहेस ताईत!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. तिबी हसला नाही. त्याने उर्साकीचे हात खांद्यावरून बाजूला केले.

"मिस्टर, माझा पास बघितलात?"

"कुठला पास?"

"गोलचा."

उर्साकी घुटमळला. "हे बघ, खरं सांगू का? चेंडू तुझ्याकडे आला की मी पाठ फिरवत होतो. पहिल्या मिनिटापासून. आणि बघ, लागू पडलं की नाही!"

टाळ्या विरल्या. तिबीची कानशिलं तापली. नव्वद मिनिटं! ज्याला दाखवायला तो खेळला त्याने एक मिनिटसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मी पनवती नाही," तो म्हणाला, आवाज कापत होता पण खाली येत नव्हता. "आणि ताईत तर मुळीच नाही. मी मिडफिल्डर आहे. वर्षभर ठेवायचं तर मिडफिल्डर म्हणून ठेवा आणि तोंड मैदानाकडे करून उभे राहा. नाहीतर खड्ड्यात गेलं तुमचं वर्ष!"

तो बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसला. ती सीट कोचची असते, हे सगळ्यांना माहीत होतं. उर्साकी मुकाट्याने मागे गेला.

साबिन बराच वेळ स्टिअरिंग पुसत राहिला.

"डावीकडे बघितलंस," तो म्हणाला, "तेव्हा मीसुद्धा डावीकडे बघितलं. फसवलंस मला. तीस वर्षं तुमच्या मॅच बघतोय मी, असा पास बघितला नव्हता."

तिबीने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर अजून चांगलं ऊन होतं, पण त्याला काही नीट दिसत नव्हतं.

बसच्या तोंडाशी आता रुग्णवाहिका उभी होती, त्यामुळे निघायला मागेच घ्यावी लागणार होती. मागून गलका झाला, "तिबी, उतर! मागे चाल!"

"नेआ साबिन," तिबी म्हणाला, "तुम्हाला आरसे दिलेत ना?"

"दुपारीसुद्धा होते," साबिन म्हणाला, आणि त्याने रिव्हर्स टाकला.