गच्चीच्या देशाची जर्सी

फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरीला आपल्या मेव्हण्याचा राग येत नसे, कीव येत असे, आणि ती तो चारचौघांत दाखवत असे. मेव्हणा नळदुरुस्ती करायचा. दातांच्या एका निवृत्त डॉक्टरने स्वतःची गच्ची आणि खालचं गॅरेज मिळून स्वतंत्र देश जाहीर केला, चादरीचा झेंडा शिवला, आणि त्या देशाच्या फुटबॉल संघात हा पठ्ठ्या बचावपटू! समोरचा देश म्हणजे तळ्यातलं बेट. राजा टायरवाला, प्रजा बदकं.

आता म्हणे त्या सामन्याची जर्सी क्लबच्या भिंतीवर लावायची, आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या रांगेत.

"उद्या कोणी न्हाणीघराचा देश काढेल आणि बादलीला गोलकीपर करेल!" सेक्रेटरी बैठकीत म्हणाला. सभासद खो खो हसले. मेव्हणा मांडीवरची जर्सी कुरवाळत बसला होता. तिचा कोपर फाटला होता आणि चिखलाचे डाग धुऊनही गेले नव्हते.

भिंतीवर काचेच्या चौकटीत दोनच जर्सी होत्या. एक म्हाताऱ्या कोचची, दुसरी सेक्रेटरीची. तरुणपणी खऱ्या देशाच्या खऱ्या संघात तो राखीव गोलकीपर होता. सामनाभर बाकावर बसला, मध्येच उठून रेषेबाहेर थोड्या उड्या मारल्या, परत बाकावर बसला. पण "आम्ही देशासाठी खेळायचो ना, तेव्हा..." हे ऐकून क्लबचे कान किटले होते. नक्की किती खेळलात, हे कुणी विचारलं नव्हतं. बायकोला खरं ठाऊक होतं, पण नवऱ्याचं एवढं एकच कौतुक, म्हणून ती गप्प राहायची.

ती आत्ताही दाराशी होती. क्लबचे कपडे तिच्याच लाँड्रीत धुतले जायचे. गठ्ठा ठेवून भावासाठी थांबली होती.

"अहो, बिचाऱ्याची रीतसर निवड झाली होती," एक सभासद म्हणाला. "काहीतरी किंमत आहे की नाही?"

"निवडीला काय चाटायचंय?" सेक्रेटरी ताडकन उठला. "निवड काय, कुणाचीही होते. देश खरा पाहिजे, आणि त्या देशासाठी माणूस सामन्यात उतरलेला पाहिजे. नुसती जर्सी मिळाली म्हणून कुणी आंतरराष्ट्रीय होत नाही!"

"हाच नियम करायचा?" कोचने विचारलं.

"हाच. सगळ्यांना."

हात वर झाले. सर्वांत उंच हात सेक्रेटरीचा.

मेव्हण्याने जर्सीची घडी घातली. "ठीक आहे भावजी. आम्ही सडकून हरलो, पण खेळलो. नसेल बसत नियमात तर राहू दे."

"हा म्हणे खेळला!" सेक्रेटरी हसला. "नळ बदलायला गेला असशील, चुकून मैदानात शिरलास."

तेवढं बायकोला सोसलं नाही.

"मग तुमचीही खाली काढा," ती म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"का नको? ती जर्सी घरी आली तेव्हा मी धुवायला म्हणून पिशवीतून काढली. हिरवळीचा एक डाग असेल तर शपथ. मागे नुसती बाकाची धूळ होती. इतकी वर्षं बोलले नाही. पण तिच्या जोरावर माझ्या भावाला हसता? लाज नाही वाटत?"

सेक्रेटरीने कोचकडे पाहिलं. कोचने चष्मा काढून पुसायला घेतला. "अरे, तू खेळलास ना?"

"रेषेबाहेर... उड्या मारल्या होत्या," सेक्रेटरी पुटपुटला.

"मग काढ बाबा. नियम तुझाच आहे. आणि तिथवर हातही तुझाच पोचतो."

पण तोही पुरता पोचला नाही. खुर्चीवर चढावं लागलं. खुर्ची डगमगली, तेव्हा मेव्हण्याने पुढे होऊन ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"जपून, भावजी," तो म्हणाला.